हिरव्या खोलीचा कागद

सालेकसा स्टेशनाच्या मागे, रुळांपासून हाकेच्या अंतरावर कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपराचा एक बंगला होता. दरेकशाच्या बोगद्याचं काम चालू होतं तेव्हा कुण्या गोऱ्या ठेकेदाराने तो बांधला. बोगदा झाला, गाड्या धावायला लागल्या, ठेकेदार निघून गेला. पुढे हात बदलत बदलत बंगला गोंदियाच्या मुन्नालाल शेठ नावाच्या लाकूड व्यापाऱ्याकडे आला, आणि १९३६ च्या होळीनंतर त्याच्याकडून तो धुरपताबाई बोपचे हिने विकत घेतला. गावाला दोन गोष्टी पचल्या नाहीत. खानावळ चालवणारी विधवा बाई बंगला घेते ही एक. आणि घ्यायचा तर तिने मडमिणीचाच बंगला घ्यावा, ही दुसरी.

मडमिणीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. ठेकेदाराचं लहान मूल त्या बंगल्यात वारलं, पाठोपाठ त्याची बायकोही खंगून वारली. तेव्हापासून पावसाळ्यात कोपऱ्यातल्या खोलीत ती बसून असते आणि लसूण सोलते, असं लोक सांगत. ही काही हवेतली गोष्ट नव्हती. बंगला बंद असतानाही झडीच्या दिवसांत त्या खिडकीजवळून जाणाऱ्याला लसणाचा वास येई. गुराखी तेवढा रस्ता पळत ओलांडत.

"बाई, घर पक्का है. दरवाजे सब सागौन के," मुन्नालाल शेठ व्यवहार करताना म्हणाला होता.

"आनि ते मडमीन?" धुरपताबाईने विचारलं.

शेठ हसला. "वो तो मैंने कभी देखी नहीं."

"म्या बी नाई," बाई म्हणाली, आणि व्यवहार झाला.

धुरपताबाई तेव्हा पंचेचाळिशीची असेल. अंगाने सडसडीत, आवाज मात्र फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. नवरा ईश्वरदास रेल्वेच्या गँगवर होता. एका उन्हाळ्यात हगवणीच्या साथीत तो गेला. पदरात वच्छला नावाची लहान मुलगी. ईश्वरदासच्या जोडीदारांना तिने दुपारचं जेवण रुळावर नेऊन द्यायला सुरुवात केली. भात, वरण, अंबाडीची भाजी, कधी वांग्यात सुके झिंगे. त्यातून स्टेशनाजवळ तट्ट्याची झोपडी उभी राहिली आणि तिची खानावळ झाली. वच्छलाचं लग्न लावून दिलं, पण नवऱ्याने दुसरी केली तशी ती परत आली आणि आईच्या जोडीला चुलीपुढे बसली. मायलेकींनी वर्षानुवर्षं पोटाला चिमटा घेऊन जे साठवलं, ते सगळं त्या बंगल्यात घातलं. पुढच्या ओसरीवर जेवणाऱ्यांच्या पंगती बसवायच्या आणि आतल्या खोल्या मुक्कामाच्या माणसांना द्यायच्या, असा बाईचा बेत होता. सालेकशाला तेव्हा लाकडाच्या डेपोचे मुन्शी, तेंदूपत्त्याचे ठेकेदार, बाजाराचे व्यापारी सारखे येत, आणि त्यांना पाठ टेकायला जागा नसे.

उन्हाळाभर दुरुस्ती चालली. कवेलू फेरले, मोडलेल्या खिडक्यांना पल्ले बसवले, जमिनी शेणाने सारवल्या. बंगल्याच्या भिंतींना आतून कागद चिकटवलेला होता, छापील, विलायती. गावातल्या कुणी असा कागद कधी पाहिला नव्हता. दोन खोल्यांतला कागद उधईने, म्हणजे वाळवीने, खाल्ला होता. झाडू फिरवला की त्याचा भुगा खाली पडे. पण कोपऱ्यातल्या खोलीतला कागद मात्र जसाच्या तसा होता. गर्द हिरवा रंग, त्यावर वेली, पांढरी फुलं, मधूनमधून लांब शेपटीची पाखरं. उधईने त्याला तोंड लावलं नव्हतं.

"हा राहू दे," धुरपताबाई वच्छलाला म्हणाली. "याले किडा लागत नाही म्हंजे माल भारी हाय."

त्या खोलीच्या माळ्यावर त्याच कागदाच्या काही गुंडाळ्याही निघाल्या. वापरून उरलेल्या, तेलकट फडक्यात बांधून ठेवलेल्या. बाईच्या हाती सुंदर वस्तू आली की ती तिच्याजवळ फार दिवस राहत नसे. शेजारच्या चैतरामची मुलगी रुख्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या पाळण्यामागच्या मातीच्या भिंतीला लावायला बाईने कागद दिला. मिठाईवाल्या गुलाबचंदाने मागितला, त्यालाही दिला. परातीत खाली हिरवा कागद असला की बत्तासे उठून दिसतात, असं तो म्हणाला. आणखीही कुणाकुणाला तुकडे गेले. हिरव्या खोलीत सर्वांत चांगलं गिऱ्हाईक ठेवायचं ठरलं, आणि मृग लागायच्या आधी डेपोचा मुन्शी भैय्यालाल तिथे कायमचा राहायला आला. डोंगरगढचा माणूस, पगारदार, जेवणाचा शौकीन.

पहिली झड लागली आणि हिरव्या खोलीतून लसणाचा वास यायला लागला.

वच्छला घाबरली. धुरपताबाईने भैय्यालालच्या पेटीत, खाटेखाली, कोनाड्यात शोधलं, की हा कुठे लसूण ठेवून विसरला काय. काही सापडलं नाही. धानाच्या रोवण्याचे, लावणीचे दिवस होते, खानावळीत गर्दी होती, ती कामाला लागली. पण थोड्याच दिवसांत भैय्यालालचे डोळे लाल व्हायला लागले. घसा बसला. मग पोटात मुरडा, उलट्या. आठवडाभराची रजा काढून तो घरी गेला, तिकडे बरा झाला, परत आला आणि पुन्हा तसाच आजारी पडला. आता त्याला कारण सापडलं होतं.

"घर में ठीक रहता हूँ, यहाँ आते ही बीमार," तो स्टेशनावर जो भेटेल त्याला सांगायचा. "बाई के खाने में कुछ तो गडबड है."

मुन्शी माणूस, त्याचा शब्द लोकांनी धरला. नागपंचमीनंतर पंगती रिकाम्या राहायला लागल्या. भैय्यालालने गाठोडं उचललं आणि डेपोच्या चौकीत मुक्काम हलवला. शिजवलेला भात गाईला घालायची पाळी आली तेव्हा वच्छला रडायला लागली.

"रडून काय होते?" धुरपताबाई म्हणाली. "इकडं ये. बस. मले सांग, गँगवाले आपल्या इथंच जेवते ना? त्यायले काई झालं?"

"नाई."

"तुले, मले?"

"नाई."

"एकच हंडी, एकच भात. मग त्यालेच काऊन?" तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "तो जेवते सगळ्याइतकाच. झोपते मात्र त्या खोलीत."

वच्छला जवळ सरकली. "माय, मडमीन…"

"मडमीन असन तं मलेबी दिसन," धुरपताबाई म्हणाली. त्याच दिवशी तिने आपली खाट हिरव्या खोलीत टाकली.

पुढे वच्छला सांगायची, की मायने असं काही ठरवलं की तिच्याशी बोलण्यात अर्थ नसायचा. बाई दिवसभर नेहमीसारखी रांधायची आणि झोपायला त्या खोलीत जायची. पाऊस होता म्हणून खिडक्या बंद. काही दिवसांत तिचे डोळे चुरचुरायला लागले, घशात खवखव, डोकं सारखं जड. पण ती आडवी पडून नुसती आजारी होत नव्हती, बघत होती. खिडकीच्या कट्ट्यावर मेलेल्या माश्या पडलेल्या असत. पाण्याची ओल आली होती तिथे हिरव्या कागदावर काळी बुरशी धरली होती, आणि लसणाचा वास त्या बुरशीजवळ सर्वांत जास्त होता. जन्म चुलीपुढे गेलेली बाई. भात लागायच्या आधी तिला वासावरून कळे. एका सकाळी ती भिंतीच्या इतक्या जवळ नाक नेऊन उभी होती, की दारातून आलेल्या वच्छलाला वाटलं, मायला मडमिणीने धरलं.

"हे लसूण नाई, पोरी," भिंतीकडे तोंड करूनच ती म्हणाली. "लसणासारखं हाय. हे भिंतीतून येऊन राहिलं."

तिने बुरशी धरलेल्या कागदाचा एक तुकडा विळ्याने काढला, पळसाच्या पानात बांधला आणि सकाळच्या पॅसेंजरने आमगावला गेली. पोळा दुसऱ्या दिवशी होता.

आमगावच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, वर्षभरापूर्वीच आलेले. त्यांनी तिचे डोळे पाहिले, घसा पाहिला, आणि औषध लिहायला लागले.

"औषध मंग द्या साहेब," बाई म्हणाली आणि पानाची पुडी टेबलावर ठेवली. "आधी हे काय हाय ते सांगा."

तिने सगळं सांगितलं. वास, मुन्शी, माश्या, उधई. डॉक्टरांची लेखणी थांबली. ते उठले, सुया उकळायच्या शेगडीतला एक निखारा त्यांनी चिमट्याने मातीच्या परळात घेतला, परळ बाहेरच्या पायरीवर ठेवलं आणि कागदाची कपची त्यावर टाकली. बाईला त्यांनी हाताने मागे सारलं. पांढरा धूर निघाला, आणि पायरीवर लसणाचा वास पसरला.

"सोमल," डॉक्टर म्हणाले. "उंदरांना घालतात तो. हिंदीत संखिया म्हणतात. हा हिरवा रंग सोमलापासून करत असत. कागद कोरडा असेल तेव्हा झडून धूळ होते, ओला झाला की बुरशी धरते आणि त्यातून विषारी हवा सुटते. शिकताना वाचलं होतं, पण अशी खोली आपल्या इकडे असेल असं वाटलं नव्हतं." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः त्या खोलीत कशाला झोपलात?"

"जेवन माहं होतं ना साहेब," ती म्हणाली. "माह्या जेवनाले बोल लागला होता."

डॉक्टरांनी तिला सगळं समजावून सांगितलं. कागद कोरडा खरवडायचा नाही, भिजवून काढायचा. नाकातोंडाला ओलं फडकं बांधायचं. एका वेळी फार काळ आत राहायचं नाही. जाळायचा नाही, धूर घातक. पाण्यात टाकायचा नाही. ती एकेक गोष्ट पुन्हा म्हणून दाखवत होती. मग त्यांनी सहज विचारलं, "हा कागद आणखी कुठे नाही ना?"

धुरपताबाई खुर्चीवरून उठली ती औषधही न घेता निघाली. डॉक्टरांनी शिपायाला बाटली घेऊन तिच्यामागे स्टेशनावर धाडलं.

परतीच्या गाडीत ती बसली नाही, दारापाशी उभी राहिली. सालेकशाला उतरल्यावर घराकडे वळली नाही. सरळ चैतरामच्या अंगणात गेली. रुख्माचं मूल आत रडत होतं. बारीक, चिरका आवाज. ते जन्मल्यापासून असंच रडतं, दूध ओकतं, डोळे चिकटतात, असं रुख्माची आई अनुसयाबाई दोन आठवड्यांपासून सांगत होती, आणि दृष्ट काढत होती. धुरपताबाईने पाळण्यातून मूल उचललं आणि बाहेर आणून रुख्माच्या मांडीवर ठेवलं.

"याले आता त्या खोलीत न्यायचं नाई. त्या कागदात जहर हाय."

अनुसयाबाई पुढे आली. "कागद तं तुम्हीच देल्ला होता ना, बाई?"

"मीच देल्ला. तवा मालूम नव्हतं. आता मालूम झालं." तिने लुगड्याचा पदर नाकाला गुंडाळला, घागरभर पाणी भिंतीवर ओतलं आणि कागद उतरवला. कोंड्याच्या टोपलीत तो घेऊन बाहेर पडताना तिने पुन्हा एकदा मुलाकडे पाहिलं. "उद्याच्या गाडीनं त्याले आमगावले ने. डॉक्टर चांगला हाय. मी येते संगं."

तिथून ती बाजारात गेली. पोळ्याच्या आदल्या दिवसाचा बाजार म्हणजे पाय ठेवायला जागा नाही. बैलांच्या झुली, बेगड, मुलांसाठी लाकडी नंदी. गुलाबचंदाच्या दुकानात हिरव्या कागदावर बत्ताशांचे ढीग रचलेले होते.

"गुलाबचंदभाऊ, हे बत्तासे कोनाले देऊ नको. खाली जहर हाय."

गुलाबचंदाला आधी गंमत वाटली, मग राग आला. "कल पोला है, बाई! सालभर की कमाई का दिन है. अपनी खानावळ बंद पडी तो मेरी दुकान भी बंद करवाओगी?"

"कागद मीच देल्ला होता. मले तुह्यावर आळ घालायचा नाई."

"फिर चूप रहो."

धुरपताबाई गप्प राहिली नाही. ती वळली आणि बाजाराकडे तोंड करून उभी राहिली. फलाटाच्या टोकापर्यंत जाणारा तो आवाज तिने लावला.

"ऐका रे सगळे! माह्या बंगल्यातला हिरवा कागद ज्यायनं ज्यायनं नेला, त्यायनं तो आनून द्या. त्यात सोमल हाय. भैय्यालाल मुन्शी माह्या घरातच बिमार पडला, खरं हाय. जेवनानं नाई, त्या कागदानं. पन घर माहं आनि कागदबी माहा. गुलाबचंदाचा काई दोष नाई. त्याले मीच देल्ला."

आपल्या घरात विष आहे असं खानावळवाली भर बाजारात ओरडून सांगते, हे कुणी ऐकलं नव्हतं. तिला पुढे काही बोलावं लागलं नाही. एका बाईने पोराच्या हातातला लाकडी नंदी हिसकून घेतला. त्याच्या पाठीवर हिरव्या कागदाची झूल चिकटवलेली होती. दुसरी घराकडे धावली. गुलाबचंदाने शिव्या देत देत परात उचलली आणि बत्तासे कागदासकट बाईच्या टोपलीत ओतले. त्यानंतर वर्षभर तो तिच्याशी बोलला नाही. बाईने त्याबद्दल त्याला कधी बोल लावला नाही. त्याच्या बत्ताशांची भरपाई मात्र तिने थोडी थोडी करून केली.

संध्याकाळपर्यंत बंगल्याच्या अंगणात तुकडे गोळा झाले. काही आले नाहीत, त्यांच्या मागावर ती जवळच्या टोल्या-वस्त्यांपर्यंत पायी गेली. पोळ्याच्या दिवशी गावात बैल सजत होते तेव्हा ती रुख्माला आणि तिच्या बाळाला घेऊन आमगावच्या गाडीत बसली होती.

मूल वाचलं. पंधरा दिवसांत त्याचं रडणं थांबलं.

मग उरली ती हिरवी खोली. मजूर कुणी येईना. मडमिणीच्या भीतीने जे येत नव्हते ते आता विषाच्या भीतीने येईनात. शेवटी बकाराम आला. हा गोंड माणूस, खानावळीसाठी जंगलातून लाकडं आणायचा. तो खोलीच्या उंबऱ्यापाशी थांबला.

"बाई, अंदर मी नाई जात."

"तुले अंदर बोलावलंच कोनी? तू गड्डा खन. असा खन, का तिथं ढोरंबी चरत नसन आनि पानीबी थांबत नसन."

बकारामने गावाबाहेरच्या मुरमाच्या टेकाडावर जागा शोधली आणि पुरुषभर खोल खड्डा खणला. आतलं काम धुरपताबाईने एकटीने करायचं ठरवलं. जमिनीवर तिने धानाचा कोंडा जाड पसरला, भिंतीवरून ओघळणारं पाणी त्यात मुरावं म्हणून. खिडक्या, दारं सताड उघडली. हातांना कोपरापर्यंत जवसाचं तेल चोपडलं, तोंडाला ओलं फडकं बांधलं. गरम पाण्यात भिजवलेलं पोतं भिंतीवर दाबून धरायचं, कागद फुगू द्यायचा, मग वरच्या कडेत खुरपं घालून हळूहळू खाली सोलत आणायचा. कागद तांदळाच्या खळीने चिकटवलेला होता, आणि जुनी खळ सहज सोडत नव्हती. पाखरं, वेली, फुलं लांब पट्ट्यांनी गळून कोंड्यावर पडत. पट्टा फाटला की बाई थांबायची, पुन्हा भिजवायची. घाई करायची नाही, धूळ उडू द्यायची नाही. थोडं काम झालं की बाहेर येऊन चिंचेखाली बसायची, तोंड धुवायची, पुन्हा आत. बकाराम भरलेल्या टोपल्या कावडीला लावून टेकाडावर नेऊन टाकायचा.

वच्छलाला तिने आत यायला सक्त मनाई केली होती. पण एके दुपारी आई बाहेर येऊन ओकली, तोंड धुतलं आणि पुन्हा आत गेली, तेव्हा वच्छलाने फडकं बांधलं आणि मागोमाग आत शिरली.

"बाहेर हो," धुरपताबाई म्हणाली.

"नाई होत."

"वच्छे, मी काय सांगून राहिली?"

"तू आत पडून मेली तं मी बाहेर राहून काय करू? दे ते पोतं इकडं."

बाईने तिच्याकडे पाहिलं. मग पोतं दिलं. त्यानंतर एक भिजवायची आणि एक सोलायची. काम लवकर सरकायला लागलं. मधल्या भिंतीचा कागद उतरवताना धुरपताबाई अचानक थांबली. तिथे जुन्या पलंगाची खूण होती, कागदावर उशाच्या उंचीला तेलाचा फिकट डाग.

"इथंच ठेवलं असन तिनं पोराले," ती म्हणाली.

"कोनी?"

"त्या बाईनं. पोरगं बिमार, बाहेर पाऊस. हवा लागू नये म्हनून खिडक्या बंद करून इथं त्याच्याजवर बसली असन. जितकी जपत होती तितकं…" तिने खुरपं खाली ठेवलं. "लोकं तिले भूत म्हनून राहिले. तिले काई मालूमच नव्हतं, पोरी. मलेबी नव्हतं."

मग धुरपताबाईने खुरपं उचललं.

कागद निघाला तरी ती थांबली नाही. विष चुन्यात उतरलं असेल म्हणून वरचा गिलावाही ओला करून खरवडला, जमिनीवरचा कोंडा भरला, सारवण उकरलं. सगळं टेकाडावर गेलं. शेवटी खड्ड्यात कळीचा चुना टाकला, वर मुरूम लोटला, त्यावर मोठाले दगड. बकारामने दगडांभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. दरवर्षी ते मोडलं की तो न सांगता नवीन घालायचा.

खोलीला नवा गिलावा झाला, चुन्याचे हात बसले, पूर्वेची भिंत फोडून आणखी एक खिडकी काढली. तरी बाईने पुढचा पावसाळा येऊन जाईपर्यंत तिथे गिऱ्हाईक ठेवलं नाही. त्या पावसाळ्यात ती स्वतः तिथे झोपली. काही झालं नाही. मगच खोली उघडली.

खानावळ मात्र त्याआधीच सावरली. आधी गँगवाले होतेच. मग बाजारात तिचं बोलणं ऐकलेली माणसं यायला लागली. जी बाई स्वतःच्या घरातलं विष लपवत नाही ती जेवणात काय लपवेल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. दिवाळीनंतर एकदा भैय्यालाल ओसरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला.

"मौसी, मैंने आपका नाम खराब किया."

"तू बिमार होता. बिमार मानूस काईबी म्हनते," धुरपताबाई म्हणाली. "बस. आज भरलं वांगं हाय."

पुढची वर्षं त्या घराने जे पाहिलं ते धुरपताबाईने ठरवलेल्या बेतात नव्हतं. रुख्माचं बाळ बरं झाल्यापासून आमगावच्या डॉक्टरांशी तिचा परिचय राहिला. जंगलातल्या गावांतून अडलेल्या बाळंतिणी बैलगाडीने सालेकशाला येत आणि गाडी चुकली की फलाटावरच कण्हत पडत. १९३९ च्या थंडीत अशीच एक बाई चार माणसांनी खाटेवर आणली. धुरपताबाईने तिला फलाटावरून उचलून घरी आणायला लावलं आणि कोपऱ्यातल्या खोलीत निजवलं, कारण तिथे उजेड आणि वारा सर्वांत जास्त होता. डॉक्टर पुढच्या गाडीने आले. मुलगी झाली. त्यानंतर ती खोली मुक्कामाच्या गिऱ्हाइकांना कधी मिळाली नाही. तिथे दोन खाटा, स्वच्छ लुगड्यांचं गाठोडं आणि पाण्याचा हंडा कायम तयार असे. रुख्माचं तिसरं मूलही तिथेच झालं. लढाईच्या वर्षांत तांदूळ महागला, खानावळीत भाताऐवजी कोदोसारखं भरड धान्य शिजायला लागलं, पण बाळंतिणीला भात आणि तूप मिळे. ते कुठून येतं हे वच्छलालाही नेहमी कळायचं नाही.

त्या कामाचं एक देणं धुरपताबाईच्या अंगावर राहिलं. तिच्या तळहातांची कातडी जाड होऊन भेगाळली, ती कधी नीट झाली नाही. थंडीत भेगांतून रक्त यायचं. जवसाचं तेल लावून ती भाकरी थापायची.

१९४७ च्या माघात, थोड्याशा तापाचं निमित्त होऊन ती गेली. आमगावहून डॉक्टर आले होते. गुलाबचंद आला, भैय्यालाल डोंगरगढहून आला. बकारामने टेकाडावरचं कुंपण त्या वर्षीही घातलं. वच्छलाने खानावळ आणि ती खोली दोन्ही चालू ठेवली. म्हातारपणी तिला कुणी म्हणालं, तुमची माय मोठी धीराची, कशाला म्हणून भ्यायची नाही, तर तिला ते पटत नसे.

"कोन म्हनते भेत नव्हती?" ती म्हणायची. "त्या खोलीत झोपाले जाताना माय देवाचं नाव घेत जाय. दारापाशी थांबे, म्या पायलं. पन जाय."